चंद, द्युती
चंद, द्युती : (३ फेब्रुवारी १९९६ – ). भारतीय धावपटू. जन्म ओडिशातील जाजपूर जिल्ह्यात चाका गोपालपूर येथे, गरीब विणकर कुटुंबात. १०० व २०० मी. या तिच्या मुख्य शर्यती.

२०१४ मध्ये शरीरातील नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण जास्त असल्याच्या कारणावरून तिला ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळण्यात आले. शरीर बदलणारे उपचार घेण्यास तिने नकार दिला आणि क्रीडा लवादाकडे दाद मागितली. जुलै २०१५ मध्ये लवादाने आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाचा टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेविषयीचा नियम स्थगित केला. या प्रमाणामुळे खेळाडूला नेमका किती लाभ होतो, हे महासंघाला सिद्ध करता आले नव्हते. जगभरातील महिला खेळाडूंच्या दृष्टीने हा निकाल तिच्या कोणत्याही पदकाहून मोलाचा आहे.

१९८० मध्ये पी. टी. उषा धावल्यानंतर ऑलिंपिकच्या १०० मी. शर्यतीत उतरलेली ती पहिली भारतीय महिला (रिओ, २०१६). २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत दोन रौप्यपदके. २०१९ मध्ये नेपल्स येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०० मी.चे सुवर्णपदक. त्याच वर्षी तिने आपले समलिंगी नाते धैर्याने जाहीर केले. २०२१ मध्ये तिने ११.१७ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदविला. प्रतिबंधित द्रव्ये आढळल्याने २०२३ मध्ये तिच्यावर चार वर्षांची बंदी घालण्यात आली.