काकांचा व्यवसाय कर आणि आमचे काजू

परवा माळ्यावरची ट्रंक आवरताना काकांच्या पगाराच्या स्लिपांचा गठ्ठा सापडला. काका मुंबईत कारकून होते, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातल्या भाषेत चाकरमानी. चाळता चाळता एका रकान्यापाशी थांबलो. व्यवसाय कर. रक्कम किरकोळ. १९८८ पर्यंत घटनेनेच या कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती (मग ती २५०० झाली).

या रकान्यावरून आमच्या घरात एक जुना वाद आहे.

१९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. मागेल त्याला काम! पण पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये व्यवसाय कर आला तो यासाठीच. शहरातल्या पगारदारांच्या खिशातून थोडं थोडं काढायचं आणि तेवढीच भर सरकारने घालायची. हमीचा कायदा झाला १९७७ मध्ये, लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून.

तेव्हा रोहयो म्हणजे बंधारे, रस्ते आणि खडी फोडणं. १९९० मध्ये तिला फळबाग लागवड जोडली गेली आणि चित्रच पालटलं. आता स्वतःच्याच जमिनीत खड्डे खणायचे आणि त्याची मजुरी सरकारने द्यायची! लहान शेतकऱ्याला कलमं, खत यांचंही अनुदान. मात्र एकरकमी नाही, तीन वर्षांत विभागून, आणि झाडं जगली तरच पुढचा हप्ता. ही अट ज्याने घातली तो माणूस हुशार असणार. आमच्या वरकस डोंगरावर कातळ आणि करवंदाच्या जाळ्या, दुसरं काही नव्हतं. बाबांनी तिथे वेंगुर्ला-४ ची काजू कलमं लावली. उन्हाळ्यात आई आणि मी विहिरीवरून कळशीने पाणी नेऊन ती जगवली, खांदा अजून आठवण देतो.

पण सातबारा सामाईक, त्यावर सहा नावं. सगळ्यांच्या संमतीपत्राशिवाय अर्जच पुढे सरकेना. काकांनी सही करून पाठवली. पुढे दर मे महिन्यात गावी आले की झाडाखाली उभे राहून म्हणायचे, "ही कलमा माझ्या पगारातली आसत!" बाबा उसळायचे. घाम आमचा, पैसे सरकारचे, यांचं काय? मीही बाबांच्याच बाजूचा.

आमच्या खालच्या वाडीतल्या मच्छीमार शेजाऱ्याला हा वाद ऐकून हसू यायचं. त्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, म्हणजे फळबाग नाही. त्याच्या वाट्याला डिझेलवरच्या कराचा परतावा. आधी पंपावर पूर्ण पैसे मोजायचे, मग सोसायटीमार्फत परतावा यायची वाट बघायची. तो थकला की सावकार आहेच. एकदा बाबांना म्हणाला, "तुमचा कलम एकदा जगला की जगला. आमचा डिझेल रोज जळता." यावर बाबांकडे उत्तर नव्हतं.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. स्लिपा मी बाबांना दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून एकेक उलटली, त्या रकान्यावर बोट फिरवलं, बोलले काही नाहीत.

संध्याकाळी काकूला मुंबईला पाठवायचे काजू मी तोलत होतो. म्हणाले, "दोन किलो वाढव."