सेवार्थी समलैंगिक माणसांविषयी वाईट बोलतो तेव्हा

कळवा, कल्याण पूर्व, डोंबिवलीच्या वस्त्यांत गृहभेटीला गेलं की कामाचं बोलणं लवकर संपतं आणि गप्पा सुरू होतात. अपशब्द बहुधा तिथेच येतो. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरताना कल्याण पूर्वेतल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, तो समोरचा बायल्या चाळीतून जायला पाहिजे. पोरं बिघडतात." त्यांचा कॉलेजात जाणारा नातू दाराशी मोबाइल बघत बसला होता. त्याचं बोट थांबलं. का थांबलं ते आम्हाला ठाऊक नाही, आणि विचारायचंही नव्हतं.

सुरुवातीला आम्ही अशा वेळी हसून विषय बदलायचो. संबंध तुटू नये, ही सबब. पण ताई हसली म्हणजे ताईलाही पटलं, एवढंच घराला कळतं. नंतर भाषण देऊन पाहिलं, तर दारच बंद झालं.

आता आम्ही पेन खाली ठेवतो आणि शांतपणे म्हणतो, "मावशी, हा शब्द नको. त्यानं तुमचं काय वाकडं केलं?" मग ऐकतो. आत बहुतेक वेळा भीती असते, मुलांवर अत्याचार होईल याची. त्यावर स्पष्ट सांगतो: बालकांवरचा अत्याचार हा गुन्हा आहे, त्यासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, करणारा पुरुष असो की बाई. समलैंगिक असणं वेगळं, आणि प्रौढांचे संमतीचे संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गुन्हा नाहीत. एवढं बोलून अर्ज पुरा करतो. मावशींचं मत बदललं नाही म्हणून त्यांची पेन्शन अडवायची नसते.

"हे आपल्यात नसतं" असंही ऐकू येतं. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरं हे त्याचं कारण, आणि त्यात समलैंगिकतेचाही प्रश्न होता. कर्व्यांची बाजू बाबासाहेबांनी न्यायालयात मांडली. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. वस्तीत बाबासाहेबांची तसबीर नाही असं घर क्वचित, पण हा खटला माहीत असलेलं घर त्याहून क्वचित. आम्ही तो गोष्टीसारखा सांगतो, वादात जिंकायला नाही.

बोलणं स्वतःच्याच मुलाविषयी असेल तर सावध व्हावं लागतं. "डॉक्टरकडे नेऊन बरा करू", "लग्न लावलं की सुधारेल" ही वाक्यं धोक्याची. समलैंगिकता आजार नाही, आणि ती 'बरी' करण्याचा उपचार हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं आहे. लग्नानं तर आणखी एका मुलीचं आयुष्य अडकतं. मुलाशी बोलायचं ते एकट्यात, आणि त्यानं सांगितलेलं घरच्यांना सांगायचं नाही. मारहाण होत असेल व वय अठराखाली असेल तर १०९८. मन खचलं असेल तर टेलिमानस, १४४१६. मुंबईतला हमसफर ट्रस्ट १९९४ पासून या कामात आहे.

शेरा कार्यकर्त्यावरच असेल तर एकट्यानं गिळू नये. वरिष्ठांना सांगावं, पुढच्या भेटीला दुसऱ्याला सोबत न्यावं, आणि जमणारच नसेल तर केस बदलून मागावी. त्यात कमीपणा नाही.

मावशींचं वाक्य आम्ही नोंदवहीत लिहिलं. समोरच्या खोलीचा नंबर लिहिला नाही. त्या वह्या कार्यालयात बऱ्याच हातांतून फिरतात.