पोटाला आधार

फ्रेंच भाषेत 'रासाझियाँ' असा एक शब्द आहे. जे खाल्ल्यावर भूक बराच वेळ फिरकत नाही, अशा पदार्थाचे हे विशेषण. इंग्रजीत त्याचे 'फिलिंग' होते. पण आमच्या वयात फिलिंग म्हटले की दाढच आठवते! इंदापूरकडची एखादी आजीबाई सरळ सांगेल, "भाकरीनं पोटाला आधार होतो बाबा." झाले भाषांतर!

१९९५ साली सिडनीत ३८ पदार्थांची भूक भागवण्याची परीक्षा झाली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. उकडलेला बटाटा ३२३ गुणांनी पहिला आला आणि फ्रेंचांचा लाडका क्रोसाँ ४७ गुणांवर शेवटचा. शब्द असला म्हणून आधार असतोच असे नाही!

भाकरीची परीक्षा आमच्याकडे दुष्काळानेच घेतली. नीरा डाव्या कालव्याखाली बारामती-इंदापुरात ऊस डोलू लागला, पण जिरायत भाग ज्वारी-बाजरीवरच जगला. १९७२ च्या दुष्काळात तीही पिकेना. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या माणसांनी मग अमेरिकेची तांबडी मिलो भाजून खाल्ली.

तोवर ही सारी धान्ये सरकारी कागदावर 'भरड'. २०१८ साली ती 'पौष्टिक' झाली, २०२३ साली थेट 'श्रीअन्न'. धान्य तेच, चोथाही तोच. फक्त चोथ्याला फायबर म्हटले की डॉक्टर लिहून देतात. मात्र हा मान मिळेपर्यंत घरोघरच्या ताटात गव्हाची पोळी येऊन बसली होती. आम्हा कारकुनांना ही तऱ्हा चांगली ठाऊक आहे. बढतीचा कागद हाती पडतो, तेव्हा निवृत्ती दारात उभी असते.