टोपीवरच्या बिल्ल्याचं माप

तानाजी मालुसऱ्यांचं कोणतंही चित्र काढून बघा. ढाल-तलवार असेल, कमरेला शेला असेल, पण पागोट्यावर पलटणीचा बिल्ला नसेल. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा चढलेल्या माणसांना त्याची गरजच नव्हती. सरदार आपल्या माणसाला गावानं आणि आडनावानं ओळखायचा, आणि मर्दुमकीची खूण म्हणजे हातातलं सोन्याचं कडं. तानाजी आणि शेलारमामा यांच्या समाध्या उमरठला आहेत. त्या पोलादपूर-महाडच्या पट्ट्यातून पोरं पुढेही लष्करात जात राहिली. त्यांच्या डोक्यावर बिल्ला चढवला तो इंग्रजांच्या पलटणींनी.

आता नातवंडांना आजोबांच्या फोटोशेजारी फ्रेममध्ये लावायला तो बिल्ला हवा असतो आणि शोध मोबाइलवर सुरू होतो. काळ्या मखमलीवर ठेवलेला, पडदाभर दिसणारा बिल्ला पाकिटातून निघतो तेव्हा शर्टाच्या बटणापेक्षा जेमतेम मोठा असतो. यात दरवेळी विकणाऱ्याची लबाडी असते असं नाही. एकाच पलटणीचं एकच चिन्ह तीन-चार मापांत घडवलं जात होतं, आणि कुठलं माप कुठे हे ठरवलं ते डोक्यावर काय घालायचं त्यानं.

ब्रिटिश शिपाई एके काळी उंच टोप घालायचा. १८७८ मध्ये कापडी हेल्मेट आलं आणि त्याच्या कपाळावर आठ टोकांच्या ताऱ्याचा, वर राजमुकुट असलेला जवळपास पाच इंच उंचीचा पत्रा बसला. त्यावरून पलटण लांबूनही ओळखू यायची. शतक संपत आलं तशी मऊ टोपी रुळली. मऊ कापडाला एवढं ओझं पेलवेना, म्हणून बिल्ला दीड-दोन इंचांवर आला. पुढे बेरे टोपी आली, तिच्यावरचा बिल्लाही साधारण त्याच मापाचा राहिला. आपल्याकडे पागोटं असल्यामुळे गोष्ट थोडी निराळी झाली: कापडाच्या घड्यांत बारीक बिल्ला बुडून जातो, म्हणून पागोट्यावरचा बिल्ला ऐसपैस असायचा. कॉलरवरची जोडी मात्र इंच-सव्वा इंचाची. ही जोडी बहुतेकदा एकमेकांसमोर तोंड करून असते, त्यामुळे एकटाच उजवीकडे बघणारा प्राणी विकायला दिसला तर तो टोपीचा नसून कॉलरचा असण्याचा संभव जास्त.

सगळ्यात खरं बोलते ती बिल्ल्याची पाठ. विकणाऱ्याकडून पाठीचा फोटो मागवावाच. जुन्या बिल्ल्याला मागे तांब्याच्या तारेच्या दोन कड्या असतात, त्यांतून पिन घालून तो अडकवायचा. बिल्ला मोठा असो की लहान, तारेची जाडी फारशी बदलत नाही. त्यामुळे फोटोत कड्या बिल्ल्याच्या मानानं ढोबळ दिसल्या की समजावं, वस्तू लहान आहे. कड्यांऐवजी खाली लोंबणारी उभी पट्टी असेल तर तो टोपीचा. आणि साडीच्या ब्रोचसारखी आडवी सुई असेल तर तो शिपायाचा बिल्लाच नव्हे. पहिल्या महायुद्धात आईसाठी, बायकोसाठी पलटणीच्या चिन्हाचे छोटे ब्रोच घेण्याची विलायतेत लाटच आली होती. दिसायला देखणे असतात, पण आजोबांच्या टोपीवर ते कधी नव्हते. एवढं बघूनही शंका उरली तर शेजारी दहाचं नाणं ठेवून फोटो मागावा. ते २७ मिलिमीटरचं असतं.

माप जुळलं तरी काळ जुळायला हवा. मराठा लाइट इन्फन्ट्रीची जंगी पलटण १७६८ ची आणि काळी पांचवी १७८८ ची. बिल्ल्यावरचं बिगुल हे लाइट इन्फन्ट्रीचं चिन्ह. काहनच्या किल्ल्याच्या बचावानंतर १८४१ मध्ये काळ्या पांचवीला तो मान मिळाला. महार पलटणीची कहाणी जास्त खडतर. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि पुढे काही वर्षांतच महारांची भरतीच बंद झाली. बाबांनी त्याविरुद्ध अर्जही लिहिला. १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली ती १९२१ पर्यंतच. तिचा ‘अस्सल’ बिल्ला ढिगानं विकायला असेल तर खिशातला हात खिशातच ठेवावा. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली तेव्हा बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. रेजिमेंट मशीनगनची झाल्यावर फुलीत ठेवलेल्या दोन विकर्स मशीनगन आल्या आणि पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. त्या त्या आजोबांची नोकरी कुठल्या सालची, हे आधी घरातल्या कागदांत बघावं.

पदकांना हा घोळ कमी, कारण त्यांची मापं ठरलेली. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक ३६ मिलिमीटर व्यासाचं, आणि कडेवर शिपायाचा नंबर, नाव, पलटण. नाव नसेल तर प्रश्न विचारावा. १८-२० मिलिमीटरचं दिसलं तर ते मेसच्या पोशाखावर लावायचं छोटं रूप. फीत शाबूत असेल तर तीच मोजपट्टी, कारण पूर्ण मापाच्या पदकांच्या बहुतेक फिती ३२ मिलिमीटर रुंद असतात.

विकत घेतलेला बिल्ला फ्रेममध्येच ठेवावा, हेही सांगायला हवं. आपण सैनिक आहोत असं भासवण्यासाठी तो अंगावर लावणं कायद्यानं गुन्हा आहे.

पदकांबद्दल शेवटचं. महाडशेजारच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो उंचीला ४१ आणि रुंदीला ३६ मिलिमीटर असतो, फीत ३८ ची, आणि नाव वरच्या आडव्या पट्टीच्या मागच्या बाजूला कोरलेलं. त्याच्या नकलाही बाजारात फिरतात. तळहात व्यापणारा ‘ओरिजिनल’ व्हिक्टोरिया क्रॉस कोणी दाखवला, तर भावाची चौकशीसुद्धा करू नये.