नेपियन सी रोडवरची हरवलेली फिल्म
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

डिजिटल डिझाइन शिकणाऱ्या मुलांशी बोलायचा प्रसंग आला, की मी हमखास विचारतो, ‘तुमच्या घराण्याचा मूळ पुरुष कोण?’ गाण्यात घराणं असतं, तसं यातही असणारच. मुलं अमेरिकेतली, जपानमधली नावं सांगतात. मी म्हणतो, आधी मुंबईतल्या नेपियन सी रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये जाऊन येऊ.

साल १९६९. चित्रकार अकबर पदमसी यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. जे. जे.मध्ये शिकलेला, पॅरिसला राहून आलेला, नाव झालेला माणूस. त्या पैशांत निवांत चित्रं रंगवत बसता आलं असतं. त्यांनी काय करावं? १६ मिलिमीटरचा कॅमेरा आणला आणि ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं. चित्रकार, सिनेमावाले, छायाचित्रकार, एक मनोविश्लेषकसुद्धा तिथे जमायचे. एकमेकांच्या कामात नाक खुपसायची पूर्ण मुभा! १९७२पर्यंत हे चाललं.

तिथे पदमसींनी ‘सिझिजी’ नावाची मूक फिल्म केली. सिझिजी म्हणजे ग्रह एका रेषेत येणं. तिच्यात ना माणूस, ना गोष्ट. नुसते बिंदू आणि रेषा. रेषेनं कुठून कुठे जायचं हे आकड्यांच्या हिशेबानं ठरवलेलं. त्यासाठी सुमारे हजार रेखाटनं झाली आणि ॲनिमेशनला राम मोहन यांच्यासारखा जाणकार होता. आज ज्याला आपण प्रोग्राम म्हणतो, तो इथे कॉम्प्युटरवाचून, हातानं चालवला होता.

तिथे येणाऱ्यांत नलिनी मालानी ही जे. जे.ची तरुण मुलगी होती. तिनं पुठ्ठ्याची छोटी घरं केली, त्यांच्यावर रंगीत प्रकाश टाकला आणि एकेक चौकट टिपत ‘ड्रीम हाउसेस’ ही फिल्म बनवली. नव्या शहराचं स्वप्न! पुढे १९७६मध्ये तिनं याच फिल्मच्या शेजारी दुसरी, काळीपांढरी फिल्म ठेवली. तिच्यात एक तरुणी उंच इमारतीतून खालची झोपडपट्टी बघते आहे. दोन्ही एकदम चालतात, आणि कुठे बघायचं हे प्रेक्षकानं ठरवायचं. मुंबईकराला ते रोजच ठरवावं लागतं, म्हणा.

पण मला बोलायचंय ते पदमसींच्या दुसऱ्या फिल्मबद्दल. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. क्लाउड चेंबर हे भौतिकशास्त्रातलं उपकरण. त्यात कण दिसत नाही, वाफेत उमटलेली त्याची वाट तेवढी दिसते. पदमसींनी आपलंच एक तैलचित्र घेतलं आणि कापलेल्या आकारांतून रंगीत प्रकाश सोडून ते फिल्मवर पुन्हा ‘रंगवलं’. संगीत गीता साराभाईंचं, इलेक्ट्रॉनिक. फिल्मची प्रत एकच होती. ती प्रदर्शनासाठी दिल्लीला गेली आणि परत आलीच नाही.

चाळीसेक वर्षांनी दिग्दर्शक अशिम अहलुवालिया पदमसींकडे गेले, आणि त्या फिल्मच्या आठवणीवर दोघांनी नवी फिल्म केली. ती २०१६ साली आली, तेव्हा पदमसी ८८ वर्षांचे होते. २०२०च्या जानेवारीत ते गेले. मूळ फिल्म कशी होती हे सांगू शकणारा मुख्य साक्षीदारच गेला.

मुलांना वाटतं, हे फिल्मच्या जमान्यातलं दुखणं. आता सगळ्याच्या हजार प्रती निघतात. मग मी त्यांना माझी सीडी दाखवतो. १९९८मध्ये एका संस्थेसाठी आम्ही तिघांनी किल्ल्यांवर ती केली होती. नकाशावर क्लिक केलं की दरवाजा उघडायचा, बुरूज फिरायचा. आठ महिने रात्री जागून केलेलं काम. तिच्या पाचशे प्रती निघाल्या होत्या. आज चकती शाबूत आहे, पण ती चालवणारं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चढत नाही. पदमसींची एक प्रत हरवली. माझ्या पाचशेच्या पाचशे कपाटात असत्या तरी काय?

गेल्या खेपेला मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, किल्ल्याचा दरवाजा उघडताना आवाज कसा यायचा?’ मी तोंडानं करून दाखवला. वर्ग हसला. ती मात्र सीडी घरी घेऊन गेली आहे. मामाच्या दुकानात माळ्यावर एक जुना कॉम्प्युटर पडलाय, म्हणाली.