बोंडूचे ऋण

आमच्या रत्नागिरीत काजूची बी घरात येते आणि बोंडू झाडाखालीच कुजतो. मला यात इतिहासाची थट्टा दिसते. वास्को द गामाच्या १४९७-९९ च्या सफरीत स्कर्व्हीने कितीतरी खलाशी दगावले. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून काजू आणला आणि त्याच्या बोंडूत संत्र्याहून अधिक 'क' जीवनसत्त्व! सेंट-ग्यॉर्गी यांनी ते १९२८ मध्ये वेगळे केले. पेशींना इजा करणाऱ्या मुक्त मूलकांना ते आवर घालते. मग गोळ्याच का घेऊ नयेत? १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील प्रयोगात बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या धूम्रपींमध्ये फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला आढळला. तेव्हा श्रोतेहो, गोळीआधी मीठ लावलेला बोंडू मुलांच्या हाती द्या.