झोडियाक प्रकरण : टंकलिखित कबुलीजबाब आणि न सापडलेले यंत्र

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९६८ आणि १९६९ मध्ये पाच जणांची हत्या करून वृत्तपत्रांना सांकेतिक पत्रे पाठवणारा 'झोडियाक' कोण होता, हे अद्याप निश्चित झालेले नाही. त्याची पत्रे हस्तलिखित होती. त्याच्याशी जोडले गेलेले एक वादग्रस्त पत्र मात्र टंकलिखित आहे.

३० ऑक्टोबर १९६६ रोजी त्याच राज्यातील रिव्हरसाइड शहरात १८ वर्षांच्या महाविद्यालयीन विद्यार्थिनीचा खून झाला. महिन्याभराने पोलिसांना आणि स्थानिक वृत्तपत्राला 'कन्फेशन' या शीर्षकाचे पत्र मिळाले. तिच्या मोटारीच्या डिस्ट्रिब्युटरची तार आपणच आधी उपसल्याचे त्यात म्हटले होते. मोटार तशाच अवस्थेत सापडली होती.

प्रत्येक टंकलेखन यंत्राची स्वतःची ओळख असते. अक्षरांचे वळण आणि एका इंचात बसणारी त्यांची संख्या यांवरून यंत्राची बनावट कळते. नेमके यंत्र ओळखायचे तर झिजलेले, कडा तुटलेले किंवा ओळीपेक्षा किंचित खाली उतरणारे अक्षर शोधावे लागते. रिव्हरसाइडच्या पत्राबाबत तपासकांनी पहिला टप्पा गाठला : यंत्र रॉयल कंपनीचे, टाइप 'एलिट', म्हणजे इंचाला १२ अक्षरे. दुसऱ्या टप्प्यावर अडचण आली. मिळालेल्या प्रती कार्बन कागदाखालच्या होत्या. कार्बन लावून टंकलेखन केलेल्या कोणालाही ठाऊक असते की, खालच्या प्रतीत अक्षरांच्या कडा पुसट होतात, आणि तज्ज्ञाला हव्या असतात त्या नेमक्या याच कडा.

फेब्रुवारी १९९१ मध्ये व्हॅलेहो येथील संशयित आर्थर ली अ‍ॅलन याच्या घरझडतीत एलिट टाइपचेच रॉयल यंत्र मिळाले. परंतु असे यंत्र बाळगणारे लोक असंख्य होते. अ‍ॅलनवर कधीही आरोपपत्र दाखल झाले नाही. १९९२ मध्ये तो मरण पावला.

हस्ताक्षराचा पुरावाही पुढे डळमळला. १९६७ मध्ये याच खुनासंबंधी आलेली हस्तलिखित पत्रे झोडियाकचीच असल्याचा निर्वाळा राज्याचे दस्तऐवज परीक्षक शेरवुड मॉरिल यांनी दिला होता. ती अन्य व्यक्तीने खोडसाळपणे लिहिल्याचे रिव्हरसाइड पोलिसांनी २०२१ मध्ये जाहीर केले. डीएनए चाचणीनंतर त्या व्यक्तीने तशी कबुली दिली होती. टंकलिखित पत्राला हा खुलासा लागू होत नाही. त्याचा लेखक अज्ञात आहे आणि खुनाचा उलगडाही झालेला नाही.